बडोद्याहून इलेक्ट्रिक गाडीने रानात: वढवाण्यापासून वेळावदरपर्यंतची तयारी

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत शिकारीच्या गोष्टी अजून निघतात. दांडिया बाजार, रावपुरा भागात कुणाचे ना कुणाचे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते आणि शिकारखान्याच्या आठवणी त्यांच्याकडूनच पुढे आल्या. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्याला आले, तेव्हा पाळीव चित्ते सोडून काळवीट धरण्याची शिकार त्यांना दाखवली होती. तो चित्ता पुढे देशातूनच गेला. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते कुनोत सोडले गेले. काळवीट मात्र भावनगरजवळच्या वेळावदर राष्ट्रीय उद्यानाच्या गवतात आजही कळपाने दिसतात, आणि ते पाहायला आपल्याला गाडीच लागते.

अमेरिकेत शिकारीला जाणारे लोक आता इलेक्ट्रिक पिकअपही नेतात. फोर्डचा एफ-१५० लायटनिंग २०२२ मध्ये ग्राहकांच्या हाती आला. त्याच्या काही मॉडेलांत ९.६ किलोवॉटपर्यंत वीज बाहेर देणारे सॉकेट आहेत, म्हणजे तंबू, दिवे, फ्रीज सगळं गाडीवर चालतं. आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. पण त्या शिकाऱ्यांना गाडी ज्या दोन गुणांसाठी आवडते, ते कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन जाणाऱ्यालाही तेवढेच उपयोगाचे आहेत. गाडी आवाज करत नाही, आणि उभी असतानाही वीज देते. रानात इलेक्ट्रिक गाडीचं मोल पेट्रोल वाचण्यापेक्षा या गप्प उभं राहण्यात जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्यासाठी परतीचा हिशोब घरून निघण्याआधी मांडावा लागतो. हा लेख बराचसा त्या हिशोबाचा आहे.

आधी कायदा, थोडक्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. प्राण्याला पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही त्यातच येतं. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, शस्त्र नेता येत नाही, आग लावता येत नाही. गुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त होऊन सरकारजमा होऊ शकतं. २०२२ च्या दुरुस्तीने दंडही वाढले. म्हणून छऱ्याची बंदूक, गलोल, प्रखर सर्चलाइट या वस्तू गाडीत असूच नयेत. ड्रोनही घरीच ठेवा.

गाडी कुठली

आपल्याकडे इलेक्ट्रिक पिकअप म्हणून जे मिळतं ते टाटा एस ईव्हीसारखं माल वाहणारं छोटं वाहन. दूध, भाजी, सिलिंडरसाठी ते उत्तम, पण चौघांनी रानात जायला त्याचा उपयोग नाही. आपल्या कामाची म्हणजे थोडी उंच, पाच माणसांची इलेक्ट्रिक एसयूव्ही. गाडी आधीच घरात असेल तर तीच घ्या, रानासाठी नवी घेण्याची गरज नाही. नवी घेणारच असाल तर तीन गोष्टी बघा. बॅटरी साधारण ४० युनिटच्या (म्हणजे किलोवॉट-तासांच्या) वर असावी. तळ दगडाला लागणार नाही इतकी गाडी उंच असावी. आणि गाडीतून बाहेर वीज देण्याची सोय असावी. ही सोय नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ नंतरच्या मॉडेलांत आहे, हॅरियर ईव्हीत आहे, ह्युंदाई आयोनिक ५ मध्येही आहे. आपल्या शेजारच्या हालोलला एमजीचा कारखाना आहे आणि विंडसर तिथेच तयार होते. तिच्या कुठल्या मॉडेलात ही सोय आहे ते शोरूममध्ये नीट विचारून घ्या.

छतावर कॅरियर लावून सामान बांधण्याचा मोह होतो, तो टाळा. हवेचा अडथळा वाढला की रेंज लगेच घटते. तंबूच्या पिशव्या सीटमागेच ठेवा.

हिशोब

कंपनीच्या कागदावरचा किलोमीटरचा आकडा विसरा. तुमची गाडी १०० किलोमीटरला किती युनिट खाते तेवढाच आकडा खरा, आणि तो गाडीच्या पडद्यावर दिसतो. मध्यम एसयूव्ही ताशी ८० च्या वेगाने, एसी लावून, साधारण १४ युनिट घेते. तीच गाडी एक्सप्रेसवेवर ११० ने पळवलीत तर आकडा १८ च्या आसपास जातो, कारण वेग वाढतो त्याच्या कितीतरी जास्त पटीने हवेचा विरोध वाढतो. लांबच्या जंगलाला जाताना जरा हळू चालवलं की अर्धा तास जातो आणि चाळीस-पन्नास किलोमीटरची रेंज हाताशी राहते. हा सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटतो.

पहिली फेरी वढवाणा तलावाची करा. डभोईच्या बाजूचा हा तलाव बडोदा संस्थानाने सिंचनासाठी बांधला आणि २०२१ मध्ये तो रामसर यादीत गेला. हिवाळ्यात पट्टकादंब हंस, चक्रवाक, रोहित आणि बदकांचे थवे तिथे उतरतात. जाऊन-येऊन शंभरएक किलोमीटर होतात, म्हणजे रस्त्यात चार्जिंगचा प्रश्नच येत नाही. डोकं शांत ठेवून फक्त एवढं बघायचं: घरून निघताना किती टक्के होते, पोचल्यावर किती, उभं राहण्यात किती गेले, घरी आल्यावर किती उरले. हे चार आकडे वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक सहलीला कुठल्याही अॅपपेक्षा हीच वही कामाला येईल.

दुसरी फेरी जांबुघोडा, म्हणजे हालोल, शिवराजपूर करत सत्तर किलोमीटर. साग, मोह, टेंभुर्णीचं रान, बिबटे आणि अस्वलं, आणि थोडे चढउतार. उतारावर रिजनरेशनने, म्हणजे पाय उचलल्यावर मोटार उलट वीज तयार करते त्याने, बॅटरीत काही युनिट परत येतात. ते किती येतात याचा अंदाज इथेच घ्या, कारण पुढे रतनमहाल अभयारण्याच्या डोंगराळ रस्त्यावर तो लागतो.

मग वेळावदर. बोरसद, तारापूर, वटामण, धोलेरा या वाटेने साधारण २०० किलोमीटर. इथे हिशोब कागदावरच करा. समजा बॅटरी ४५ युनिटची आहे. त्यातले ४२ वापरायचे धरा. जाताना २०० किलोमीटरला १४ च्या दराने २८ युनिट गेले, उरले १४. गवताळ भागात आणि आजूबाजूच्या गावरस्त्यांवर चाळीस किलोमीटर फिरलात, की आणखी ५ गेले. दुपारी उन्हात एसी लावून दोन तास थांबलात तर २ ते ३ युनिट अजून. शिल्लक ६ किंवा ७. आता मुक्कामाच्या जागी वीज गेली, तर भरवशाचा फास्ट चार्जर भावनगर शहरात, पन्नासएक किलोमीटरवर, आणि तिथवर जायलाच ७ युनिट लागणार. म्हणजे हा बेत फसलेला आहे.

उपाय सोपा आहे. जाताना तारापूर-वटामणच्या टप्प्यात वीस-पंचवीस मिनिटं थांबून दहा-बारा युनिट भरून घ्या. तेवढ्यात चहा-नाश्ताही होतो. नियम असा ठेवा: रानात शिरताना बॅटरीत शेवटच्या खात्रीच्या चार्जरपर्यंत परत जाण्याइतकी वीज हवी, रानात फिरण्यापुरती हवी, आणि त्याखेरीज निदान पाच युनिट हातचे हवेत. घरापासून किती दूर आलो हे मोजण्यात अर्थ नाही, शेवटच्या चार्जरपासून किती दूर आलो ते मोजा.

चार्जर शोधायला एकाच अॅपवर विसंबू नका. सरकारचं ईव्ही यात्रा हे अॅप आहे, टाटा पॉवर आणि स्टॅटिकची आहेत, आणि चार्जझोन तर बडोद्याचीच कंपनी. तीन-चार अॅप आधीच उतरवून, प्रत्येकात थोडे पैसे भरून ठेवा, कारण नेटवर्क नसलेल्या जागी ओटीपीची वाट बघत बसणं फार चीड आणणारं असतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या पंपावर किंवा हॉटेलात फोन करून विचारा, 'मशीन चालू आहे ना? बंदूक (गाडीत खोचायचा चार्जरचा प्लग) अडकत नाही ना?' अॅपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद असू शकतो. पर्यायी चार्जरही ठरवून ठेवा. आणि ८० टक्क्यांच्या पुढे फास्ट चार्जरवर ताटकळू नका. तिथून वेग उतरतो आणि मागे रांग लागते.

मुक्कामाचं चार्जिंग

सगळी सहल या एका गोष्टीवर उभी असते, म्हणून इथे घाई करू नका.

फार्महाऊस किंवा गेस्टहाऊस बुक करतानाच विचारा: एसीसाठी असतो तसा १६ अॅम्पिअरचा सॉकेट गाडीपर्यंत पोचतो का, आणि अर्थिंग आहे का. बहुतेक वेळा 'हो, हो, सगळं आहे' असंच उत्तर येतं, म्हणून सॉकेटचा फोटो मागवा. अशा सॉकेटवर साधारण तीन युनिट दर तासाला भरतात. रात्री नऊ ते सकाळी सात, दहा तासांत तीस युनिट. वेळावदरहून बडोद्याला यायला तेवढं जवळजवळ पुरतं, आणि पुरलं नाही तर वाटेत दहा मिनिटं थांबायचं.

सोबत तीन वस्तू हव्यात. पहिली, तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर. तो विजेच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. खोचला की फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग ठीक आहे का ते दिव्यांवरून कळतं. दुसरी, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन तारांची, चांगल्या प्लगची एक्स्टेंशन. घरातली पांढरी, बारीक वायरची एक्स्टेंशन नेऊ नका. तिसरी, गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर. तो डिकीतच असतो असं आपण गृहीत धरतो, म्हणून निघताना उघडून बघा.

आता पद्धत. आधी टेस्टर लावा. दिवे बरोबर आले तर एक्स्टेंशन रिळावरून पूर्ण सोडवा, अगदी पाच मीटरच लागत असली तरी. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरचं आवरण वितळू शकतं. जोड जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर किंवा विटेवर ठेवा, कारण पहाटे दव पडतं. चार्जिंग सुरू झालं की अर्ध्या तासाने जाऊन प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर बंद करा. रतनमहालच्या बाजूच्या एका मुक्कामी तिथल्या चौकीदारानेच हे आमच्या आधी पाहिलं. आम्ही जेवत होतो, तो दारात येऊन म्हणाला, "साहेब, प्लग गरम थाय छे." सॉकेटच्या आतली पकड सैल झालेली होती आणि प्लास्टिकचा रंग एका बाजूने पिवळा पडला होता. आम्ही गाडीच्या सेटिंगमध्ये करंट १६ वरून १० अॅम्पिअरवर आणला आणि व्हरांड्यातल्या दुसऱ्या, घट्ट सॉकेटवर लावली. रात्रभरात भरलं कमी, पण सगळं सुखरूप राहिलं. करंट कमी करण्याची ही सोय कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा.

टेस्टरने अर्थिंग नाही असं दाखवलं, किंवा चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागला, तर तिथे चार्जिंग होणार नाही हे मान्य करा. अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून चार्जरला फसवणारा प्लग काही जण सर्रास सुचवतात. तो कधीही वापरू नका. त्यात गाडीचा पत्रा जिवंत होऊ शकतो, आणि दवाने ओल्या गवतात अनवाणी उभं असलेलं एखादं लेकरू त्याला हात लावू शकतं. गाडी पूर्ण भरली नाही तर काय, एक फेरी कमी मारू.

पैसे आधी ठरवा. मीटरवर तीस युनिट पडले की गाडीत थोडे कमीच पोचतात, काही वीज रूपांतरात जाते, आणि हिशोब मीटरचाच धरायचा. मालक 'राहू द्या' म्हणाला तरी त्याच्या दरापेक्षा चार पैसे जास्तच द्या. तुमच्यामागून येणाऱ्या पुढच्या इलेक्ट्रिक गाडीला तो आनंदाने सॉकेट देईल.

रानात

अभयारण्याच्या आत खासगी गाडी सोडतात की तिथल्याच जीपने जावं लागतं, हे बुकिंग करतानाच विचारा. जिथे जीपचीच सोय आहे तिथे मुकाट्याने जीपने जा. आपली गाडी मग बाहेरच्या गावरस्त्यांवर, तलावाच्या काठावर, शेतांच्या कडेला कामाला येते, आणि पक्षी बघणाऱ्याला तिथेच अर्धंअधिक सुख मिळतं. वेळावदरचं राष्ट्रीय उद्यान १६ ऑक्टोबर ते १५ जून उघडं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत छान. संध्याकाळी भोवत्या पक्षी शेकड्यांनी गवतात मुक्कामाला उतरतात. सूर्य खाली जाताना ते गवतावरून अगदी हळू, पंख वर धरून तरंगत येतात, आणि तेव्हा गाडी पूर्ण शांत असेल तर फार मोठा फरक पडतो.

पण इलेक्ट्रिक गाडी शांत असली, तरी तिचे दिवे आणि बीप शांत नसतात. दार उघडताच घंटी वाजते, लॉक करताना हॉर्न टिकटिकतो, डिकी उघडताना बीप येतो, स्वागताचे दिवे लागतात, मोठा पडदा अंधारात कंदिलासारखा चमकतो. म्हणून घरीच अर्धा तास बसून सेटिंगमध्ये जा. लॉकचा आवाज बंद, स्वागताचे दिवे बंद, पडद्याचा प्रकाश सर्वांत कमी, हेडलाइट ऑटोवरून काढा. रानात शिरायच्या आधीच काचा खाली घ्या. आरसे मिटण्याच्या मोटारचाही आवाज येतो, तेव्हा ते तसेच राहू द्या.

रिजनरेशन हलकं ठेवा. जोरात असलं तर पाय उचलताच गाडी झटक्याने थांबते आणि मागे बसलेल्याचा कॅमेरा हलतो. कळप दिसला की त्याच्या दिशेने सरळ जाऊ नका, तिरपं, चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरका आणि दूरच थांबा. काळविटाला गाडीची भीती कमी वाटते, दोन पायांवर उभ्या माणसाची जास्त. खाली उतरलात की सगळं संपलं. कापडी पिशवीत तांदूळ किंवा मूग भरून काचेवर ठेवलात तर लेन्सला छान टेका मिळतो.

या शांततेला एक धोका चिकटलेला आहे. अस्वलाची नजर अधू, आणि त्याला तुम्ही ऐकूच आला नाहीत तर वळणावर ते एकदम समोर बिथरतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा रतनमहाल भागात पहाटे अस्वलं झाडांखाली असतात, आणि त्याच वेळी गावातल्या बायकाही फुलं वेचायला निघालेल्या असतात. अशा वाटेवर ताशी १५ च्या वर जाऊ नका, आणि आंधळ्या वळणाआधी हलकेच हॉर्न द्या. गावात शिरतानाही तसंच. शेळ्या, मुलं, सायकलवाला म्हातारा, यांना आपली गाडी ऐकू येत नाही. गाडीला कमी वेगात कृत्रिम आवाज करण्याची सोय असेल तर गावात ती चालू ठेवा.

उभ्या गाडीतल्या विजेचं म्हणाल, तर कॅमेरा, मोबाइल, लॅपटॉप यांचा खर्च नगण्य आहे, तो मोजूही नका. एसी मात्र तासाला एक ते दीड युनिट खातो, म्हणून डिसेंबरात काचा उघड्या ठेवून बसा. इंडक्शनच्या शेगडीवर चौघांचा चहा पाव युनिटमध्ये होतो. हे सगळं अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मुक्कामाच्या अंगणात करायचं. चूल पेटवायची नाही याचा मला विशेष आनंद वाटतो. वाळलेल्या गवताच्या प्रदेशात एक ठिणगी काय करू शकते ते वेळावदरच्या आसपासच्या भालप्रदेशातल्या कुणालाही विचारा.

चिखल, दगड, पाणी

इलेक्ट्रिक गाडी जड असते. बॅटरीच तीनशे किलोच्या आसपास किंवा जास्त. भालप्रदेशातली काळी, खारी माती पावसानंतर ओली असली की चाक आत जातं आणि गाडी पोटावर बसते. मातीवर पाय दाबून बघा, बुटाला गोळा चिकटला तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. वाळूत किंवा भुसभुशीत मातीत टायरची हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण परत भरायला हवेचा छोटा पंप हवाच.

बॅटरीचं कवच सहसा आयपी ६७ दर्जाचं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी. ती चाचणी स्थिर पाण्याची असते. वाहत्या ओढ्यात शिरण्याचा तो परवाना नव्हे. खाली दगड दिसत नसतील तर परत फिरा, कारण बॅटरीच्या तळाला बसलेला धक्का फार महागात पडतो.

गाडी बंद पडली तर चाकांवर ओढत नेऊ नका. चाकं फिरली की मोटार वीज तयार करते आणि नुकसान होतं. रुतलेली गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोरीने चार हात बाहेर काढणं वेगळं. लांब न्यायची तर सपाट ट्रकवरच. कंपनीच्या मदत क्रमांकाला निघण्याआधी फोन करून विचारा की त्या तालुक्यात असा ट्रक कुठून येतो.

आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही उतरली तर दारसुद्धा उघडत नाही. पार्किंगमध्ये चालू राहणारा डॅशकॅम ती रात्रीत रिकामी करू शकतो. कॅमेऱ्याच्या बॅगेइतकाच छोटा जंप स्टार्टर मिळतो, तो सोबत असू द्या, आणि दाराची यांत्रिक किल्ली खिशात ठेवा.

परत आल्यावर

भालप्रदेशातून आलात तर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुवा, खारी माती नट-बोल्ट खाते. जोराचा फवारा चार्जिंगच्या तोंडावर मारू नका. टायरची हवा रस्त्यासाठी पुन्हा भरा. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवा, भरून ठेवायची गरज नाही. सोसायटीत चार्जर लावायला कुणी हरकत घेतलीच, तर केंद्राच्या ईव्ही चार्जिंगच्या मार्गदर्शक सूचना दाखवा. घरच्या आहे त्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा त्यांत स्पष्ट दिलेली आहे. वहीत आकडे लिहून झाले की सॉकेट टेस्टर आणि एक्स्टेंशन परत डिकीतच ठेवा.